चार बोटं आमची

डॉक्टर घारपुऱ्यांनी पुडीतलं एक काडतूस उचललं, दुकानाच्या दाराशी जाऊन उन्हात धरलं आणि दोन बोटांत फिरवून पाहिलं. पितळ लखलखीत होतं, गोळी नीट बसली होती. ते खूश झाले.

"तुळशीराम, डोळ्यांत मोतीबिंदू म्हणतोस, पण हात अजून बसलेला आहे तुझा."

बाबांनी नुसती मान डोलावली. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून रिकामी पितळं चिंचेच्या कोळानं घासत होते. मी गप्प बसायचं, असं आमचं ठरलेलं होतं, आणि दोन वर्षं मी ते पाळलंही होतं. त्या दिवशी मात्र जीभ आवरली नाही.

"हात त्यांचा नाही, डॉक्टरसाहेब," मी म्हणाले. "ही बाराच्या बारा मी भरली आहेत. दारू मी तोलली, बुडाशी ठिणगीची टोपी मी बसवली, गोळीही मीच दाबली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा पुडीला दोरा गुंडाळत राहिले, जणू मी पावसापाण्याचं काही बोलले होते. "असं होय," डॉक्टर म्हणाले आणि हातातलं काडतूस त्यांनी पुडीत परत ठेवलं. अंडं ठेवावं इतक्या हळू ठेवलं. मला वाटलं, कामाची कदर केली. ते हळू ठेवणं कशापायी होतं, ते कळायला मला तीन आठवडे लागले.

ते गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "अनसू, तू आज आपल्या पोटावर पाय देल्ला."

ही गोष्ट सदुसष्ट सालची. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, तालुक्याचं. आम्ही जातीनं सोनार, पण माझ्या बाबांना, तुळशीराम ढोमण्यांना, दागिन्यांपेक्षा बंदुकांचं वेड. त्यांच्याकडे बंदूक दुरुस्तीचा परवाना होता आणि त्यात रिकामी काडतुसं पुन्हा भरण्याचीही परवानगी होती. परवान्यावर नाव एकट्या बाबांचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, लग्न न जमलेली. लग्न जमत नाही याचं गावाला जेवढं दुःख होतं तेवढं मला नव्हतं. बाबांची नजर मंदावली तसा एकेक करत काटा, साचा आणि दाबयंत्र माझ्या हाताखाली आलं. गिऱ्हाइकाला मात्र हे कळू द्यायचं नाही. बाई दारू तोलते म्हटल्यावर त्या काडतुसाला कोण हात लावणार, हे बाबांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

डॉक्टरांची रायफल जर्मन बनावटीची, बोल्टची, लांब नळीची. तिची काडतुसं परदेशातून यायची, ती यायची बंद झाली. डॉक्टर मोठे शिकारी. त्यांनी झाडलेली पितळं फेकली नव्हती, बरणीत भरून ठेवली होती. ती बरणी आणि रायफल त्यांनी बाबांच्या हवाली केली आणि म्हणाले, नेम लागेल असं काही तरी करून दे.

नेम लागेल असं काडतूस म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही. प्रत्येक नळीला तिची अशी दारू मानवते. कमी पडली तर गोळ्या विखुरतात, जास्त झाली तरी विखुरतात, आणि फार जास्त झाली तर बंदूक माणसाच्या तोंडावर येते. मधे कुठे तरी एक मोजमाप असतं, तिथे ती नळी खूश असते. ते शोधायला आम्ही सबंध हिवाळा घालवला. वीटभट्टीमागच्या कोरड्या नाल्यात शंभर पावलांवर पुठ्ठा लावायचा, तांदळाच्या पोत्यावर रायफल टेकवायची, एका मापाची पाच झाडायची. मग माप जरासं वाढवायचं, पुन्हा पाच. दर वेळी झाडलेली टोपी आणि पितळ भिंगाखाली बघायचं की कुठे ताण दिसतोय का. बाबांना पुठ्ठाच दिसायचा नाही, त्यामुळे झाडणारीही मीच. खांदा इतका काळानिळा पडायचा की आठवडाभर घागर दुसऱ्या बाजूला घ्यावी लागे.

जानेवारीच्या शेवटी एक माप सापडलं. पाची भोकं चार बोटांत बसली. त्याहून कमी मापाला वीतभर पसरत, जास्त मापालाही वीतभर. बाबांनी भोकांवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, झालं. मला ती चार बोटं खटकत होती. पोत्यावर टेकवलेली रायफल, वारा नाही, माझा हात थरथरत नाही, मग चार बोटं का? दोन का नाहीत? बाबा म्हणाले, हातानं भरलेल्याकडून आणखी काय मागतेस. तेव्हा मी ऐकलं.

त्याच मापाची बारा मी डॉक्टरांना दिली आणि वर ती मीच भरल्याचं बोलून बसले.

चिचखेड्याच्या जंगलात एका वाघानं दोन बायका मारल्या होत्या. सरकारनं तो नरभक्षक ठरवून मारायची परवानगी डॉक्टरांना दिली होती. पुडी नेल्यावर चौथ्या दिवशी ते लच्चू मडावीसोबत मचाणावर बसले. लच्चू चिचखेड्याचा, पायाचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कोणी नव्हता. दिवस मावळता वाघ आला, चाळीस पावलांवर, मोकळ्यात, अंगाची आडवी बाजू देऊन उभा. डॉक्टरांनी खांद्यावर नेम धरला आणि गोळी लागली मागच्या पंजाला. सकाळी रक्ताच्या मागावर निघाले तेव्हा लच्चू पुढे होता. जांभळीच्या झुडपातून वाघ आला तो थेट त्याच्यावर. डॉक्टरांनी हवेत बार काढला म्हणून वाघानं त्याला सोडलं, पण डाव्या हाताचा चेंदा झाला होता.

डॉक्टरांच्या बाजूचं आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना सोडणार नाही. त्यांनी लच्चूला बैलगाडीत घालून अकरा मैल आणलं, स्वतः त्याचा हात कोपरापासून काढला आणि तीन दिवस त्याच्या खाटेपासून हलले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरच्या हाती तो वाचला नसता.

चौथ्या दिवशी त्यांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तुळशीराम ढोमणे याची काडतुसं बेभरवशाची आहेत, आणि ती तो स्वतः न भरता त्याची मुलगी भरते, असं तिनेच डॉक्टरांसमोर सांगितलं. गावात बातमी पसरायला दुपार लागली नाही. ढोमण्याच्या पोरीनं लच्चूचा हात घालवला. पाणी भरायला गेले की बायका बाजूला सरायच्या. भाजीवाली, जिच्याकडून मी लहानपणापासून भाजी घेत होते, तिनं वांगी तोलून माझ्या पिशवीत टाकली नाहीत, खाली ठेवली. मी ती वांगी तिथेच ठेवून घरी आले.

फौजदार इंगवले नवे होते, साताऱ्याकडचे, बोलायला तुटक. त्यांनी रायफल आणि उरलेली दहा काडतुसं ताब्यात घेतली आणि सांगितलं की पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर सगळ्यांसमक्ष ती झाडून बघू. काडतुसं वाईट निघाली तर परवाना गेला.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि निघाले. कुठे, विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरच्या पाया पडतो. म्हणतो, चुकलं आमचं."

"काय चुकलं?"

"मले काय मालूम. पण लच्चूचा हात गेला ना."

"बाबा, पाया पडाचं असन त मी पडतो. पण आधी मले मोजू द्या, आपलं किती चुकलं ते. जेवढं चुकलं तेवढ्याच्याच पाया पडू."

ते दारात थांबले. मग टोपी काढून खुंटीला लावली आणि बसले. पटलं म्हणून नव्हे, मी वाट अडवून उभी होते म्हणून.

माझ्या डोक्यात ती चार बोटं होती. पितळं मी मोजून-मापून घेतली होती, गोळ्या एका वजनाच्या होत्या, टोप्या एकाच डब्यातल्या. राहिली दारू. आणि दारू आम्ही तोलत होतो सोनाराच्या काट्यावर, गुंजांच्या बियांनी.

आमच्या घरच्या गुंजा म्हणजे देव्हाऱ्यातलं प्रकरण होतं. माझ्या आजोबांच्या वडिलांनी हजारांतून निवडलेल्या एक्केचाळीस गुंजा, चांदीच्या डबीत. त्यांच्यावर तीन पिढ्यांचं सोनं तोललं गेलं. आणि घरची रीत अशी की एकदा तोललं की गुंजा लगेच डबीत, काटा रिकामा. वजन काट्यावर उभं ठेवायचं नाही, ठेवलं तर लक्ष्मी रुसते. मीही ही रीत डोळे झाकून पाळत आले होते. एका काडतुसाची दारू तोलायची, गुंजा डबीत ओतायच्या. दुसऱ्यासाठी डबीतून पुन्हा मोजून काढायच्या. मोजून तेवढ्याच, पण त्याच नव्हेत. कधी ह्या, कधी त्या.

हे लक्षात आलं तशी मी डबी पदराखाली घेऊन निघाले.

हायस्कुलात शास्त्राच्या खोलीत काचेच्या पेटीतला एक नाजूक काटा होता. मास्तर मला ओळखत होते, वर्गात त्या काट्याला हात लावायला न घाबरणारी मी एकटीच होते. शाळा सुटल्यावर त्यांनी खोली उघडून दिली. मी एक्केचाळीस गुंजा एकेक करून तोलल्या. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलकी, यांच्यात दोन तांदळांचा फरक निघाला. सोनं तोलताना एवढं चालून जातं, घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं दोघांचंही. नळीला चालत नाही.

घरी येऊन मी बाबांसमोर पांढरं फडकं पसरलं आणि गुंजांचे तीन ढीग केले. जड, मधल्या, हलक्या. त्यांना ढीग दिसत नव्हते, म्हणून त्यांची बोटं धरून प्रत्येक ढिगावर नेली.

"ह्या आज्यानं निवडल्या व्हत्या," ते म्हणाले.

"सोन्यासाठी निवडल्या होत्या, बाबा."

ते बराच वेळ गुंजा चाचपत बसले. मला वाटलं, आता उठतील आणि डबी देवासमोर नेऊन ठेवतील. त्यांनी उलट पितळेच्या तारेचा एक तुकडा मागितला. त्यांनी मधल्या ढिगातल्या गुंजा मापाला मोजल्या, एका पारड्यात घातल्या, दुसऱ्यात तार, आणि कानस घेऊन ते तार घासायला लागले. काटा सरळ झाला का, ते मी सांगायचं. घासायचं, ठेवायचं, विचारायचं. तासाभरानं काटा हलेना तेव्हा त्यांनी गुंजा काढून घेतल्या, तार पारड्यातच राहू दिली आणि म्हणाले, "आता हे उतरवू नोको. भरून होय्पर्यंत राहू दे वरतं."

परवाना अजून रद्द झालेला नव्हता. त्या तारेवर मी पाच काडतुसं भरली. झाडून पाहायला रायफल नव्हती, ती ठाण्यात. ती पाच तशीच पुडीत घालून रविवारी आम्ही चांदमारीवर गेलो.

अर्धा गाव आला होता. टेकाडाच्या पायथ्याला मातीची भिंत, तिच्यासमोर नेमाची पाटी, शंभर पावलांवर वाळूच्या गोण्या. डॉक्टर खाकी विजार घालून एका बाजूला उभे होते. कधी नव्हे ते दाढी वाढलेली. मला बघून त्यांनी नजर वळवली. फौजदारांनी कागद काढला आणि बाबांना विचारलं, "ही काडतुसं कोणी भरली? नीट विचार करून सांगा. परवाना तुमच्या नावावर आहे."

वाटेत आमचं बोलणं झालं होतं. बाबा म्हणाले होते, मीच भरली असं सांगतो, तू मधे पडू नको. मी हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. आता मी तोंड उघडणार, एवढ्यात तेच बोलले.

"काटा माहा, गुंजा माह्या, परवाना माहा. हात हिचा हाय. माह्या डोयानं दिसत नाही, साहेब, म्हून मी हिले शिकवलं. माह्याहून चांगलं भरते."

गर्दीत कुजबूज झाली. मला बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही, मी पाटीकडे बघत राहिले. फौजदारांनी कागदावर काही लिहिलं आणि हवालदाराला खूण केली.

हवालदार गोणीवर रायफल टेकवून निजला. ताब्यातल्या दहांपैकी आठ त्यानं सावकाश झाडली. एकही फुसकं निघालं नाही, एकही अडकलं नाही. पाटी जवळ आणली. फौजदारांनी स्वतः बोटं लावून पाहिली. चार.

"हे बरं की वाईट?" त्यांनी हवालदाराला विचारलं. तो म्हणाला, सरकारी काडतूस याहून फार चांगलं जात नाही.

इथे मी गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. बाबांनी माझा पदर ओढलाही. पण तोलून आणलेलं मला घरी परत न्यायचं नव्हतं.

"साहेब, चार बोटं हा दोषच आहे," मी म्हणाले. "आम्ही गुंजांनी तोलत होतो आणि दर काडतुसाला गुंजा बदलत होत्या. ती चूक आमची. मी तोलून पाहिलं आहे. आता ही पाच झाडा, ही तारेवर तोलली आहेत."

हवालदारानं पाचांतली तीन झाडली. पाटी आली तेव्हा आधी वाटलं एकच लागली. तिन्ही भोकं एकमेकांत गेली होती. फौजदारांनी खिशातला रुपया काढून वर ठेवला तर तिन्ही झाकली गेली. मग मला बोलायचं होतं ते मी बोलले.

"तक्रारीत लिहिलंय, नेम खांद्यावर होता आणि गोळी मागच्या पंजाला लागली. म्हणजे हातभराहून जास्त चुकली. आमची चूक शंभर पावलांवर चार बोटं आहे. वाघ चाळीस पावलांवर होता, तिथे ती दोन बोटंही भरत नाही. चार बोटं आमची, साहेब, पूर्ण चार धरा, मी सूट मागत नाही. पण बाकीचा हात आमचा नाही."

डॉक्टर पुढे आले. आवाज चढलेला नव्हता. "मी तीस वर्षं रायफल चालवतो. त्या पुडीतलं एखादं काडतूस खराब असणार. तेच नेमकं माझ्या वाट्याला आलं."

"दोन उरली आहेत त्या पुडीतली. एक तुम्ही झाडा."

ते क्षणभर घुटमळले. सगळे बघत होते, त्यामुळे नाही म्हणता येईना. ते गोण्यांमागे निजले, बोल्ट मागे-पुढे केला, दस्त्याला गाल लावला. सगळे पाटीकडे बघत होते. मी डॉक्टरांकडे बघत होते. सबंध हिवाळा मी खांदा काळानिळा करून घेतला होता, झाडणाऱ्याचं काय बघायचं ते मला ठाऊक होतं. चापावर बोट गेलं, आणि बोट दाबायच्या आधी डॉक्टरांनी गाल दस्त्यावरून उचलला, मान फिरवली आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले. लहान मूल फटाक्याला मिटतं तसे. गोळी पाटीला लागलीच नाही. वर टेकाडावर धूळ उडाली.

तेव्हा मला ते काडतूस आठवलं, अंडं ठेवावं तसं पुडीत ठेवलेलं. कदर नव्हती ती, भीती होती. बाईनं भरलेलं आहे, तोंडावर फुटेल, या भीतीनं हा माणूस चाळीस पावलांवरच्या वाघासमोर डोळे मिटून बसला होता. मला राग आला, इतका राग मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

मी नव्या पुडीतलं एक काडतूस घेतलं आणि जाऊन त्यांच्या शेजारी, वाळूत गुडघे टेकून बसले. उजव्या हाताला, बोल्टपासून वीतभर. हवालदार म्हणाला, बाई, मागे सरा. मी सरले नाही.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "हे मी भरलं आहे. माझं तोंड इथे आहे, तुमच्याइतकंच जवळ. फुटलं तर दोघांनाही लागेल. मी डोळे मिटणार नाही. तुम्हीही मिटू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं की मला कळलं आहे. मग त्यांनी काडतूस माझ्या हातातून घेतलं, घातलं, बोल्ट लावला आणि गाल टेकवला. मी त्यांच्या डोळ्याकडे बघत होते. पापणी दोनदा लवली, मग उघडी राहिली. बार झाला, माझा कान आठवडाभर वाजत राहिला. गोळी पाटीच्या काळ्या ठिपक्यात होती.

डॉक्टर उठले, गुडघ्यांवरची वाळू झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फौजदारसाहेब, तक्रार मागे घेतो. दोष माझा होता." एवढं बोलायलाही माणूस लागतो, हे मी मानते. पण रायफल माझ्याकडे देताना ते हळूच आणखी एक बोलले. "त्या दिवशी तू सांगितलं नसतंस, तर मी डोळे मिटले नसते."

"चाप तुमच्या बोटाखाली होता," मी म्हणाले.

बोलले खरी, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आलं आणि मग गेलंच नाही. फौजदारांनी वर अहवाल पाठवला की परवाना कायम ठेवावा आणि त्यावर मुलीचं नाव वाढवायला हरकत नाही. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी नव्या पुडीतल्या उरलेल्या एका काडतुसानं तो वाघ मारला. एकच गोळी, खांद्यात. भाजीवालीनं स्वतःहून वांगी घरी आणून दिली. सगळं जागेवर बसलं. आणि मी दिवसभर काट्यासमोर बसून विचार करायचे, की मी त्या दिवशी मान खाली घालून पितळं घासत राहिले असते, तर लच्चूला दोन हात असते.

शेवटी मी चिचखेड्याला गेले. मोहाचे दिवस संपत आले होते. लच्चू अंगणात पायांनी टोपलं धरून एका हातानं त्याचा काठ विणत होता. मी त्याला सगळं सांगितलं. गुंजांचं, चार बोटांचं, डॉक्टरांच्या डोळ्यांचं, आणि मी उंबऱ्यावरून काय बोलले होते त्याचं. काहीच सोडलं नाही. माफी मागायचं ठरवून गेले होते, ती मात्र तोंडातून निघेना.

त्यानं बांबूच्या कांबीचा शेंडा दातांत धरून आवळला.

"डॉक्टरनं डोये मिटलेले मले दिसले व्हते," तो म्हणाला. "काहून मिटले, ते नव्हतं मालूम. मले वाटे, म्हातारा झाला."

"मी बोलले म्हणून मिटले, लच्चूदादा."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांगाचंच व्हतं, त साऱ्यायले सांगाचं. एकट्या डॉक्टरले काहून सांगतलं? मले कोणी म्हणतलं असतं, का पोरीनं भरलं, डॉक्टर भेते, त म्या खाली नाल्यात दोन बार काढून पाह्यले असते. मंगच चढलो असतो मचाणावर." त्यानं टोपलं उलटं करून आपटलं, त्यातला भुसा झटकला. "लपून काम करता तुम्ही लोक, अन् मरते बाहेरचा."

तो रागानं बोलला नाही. मोहाची फुलं वाळत घालायला त्याची बाई ओरडत होती, तिला ओ देऊन तो उठला आणि जाताना ते टोपलं माझ्या हातात ठेवून गेला. अजून आहे ते माझ्याकडे.

परवान्यावर माझं नाव चढायला आठ महिने लागले. मी मात्र तेवढं थांबले नाही. चिचखेड्याहून आले त्याच दिवशी लाल रंगाचा डबा आणला, शिडी लावली आणि भर बाजाराच्या वेळी, सगळ्यांसमोर, दुकानाच्या पाटीवर बाबांच्या नावाखाली लिहिलं: काडतुसं भरणार, अनसूया ढोमणे. खाली उभ्या असलेल्या बाबांनी विचारलं, अक्षरं केवढी काढलीस.

"रस्त्याच्या त्या बाजूनं वाचता येतील एवढी," मी म्हणाले.